मिसळच्या बोर्डाला रोझा वन फॉन्ट चालंल का?

राजारामपुरीत मित्राच्या मिसळीचा बोर्ड करायचाय, मराठी-इंग्रजी दोन्ही. रोझा वन लय आवडलाय पण फ्लेक्सवाला म्हणतोय बारक्या रेघा लांबनं दिसणार न्हाईत. काय करू?

पेठेतला: भावा नाव मोठं घे की, तो फॉन्ट हेडिंगसाठीच हाय, जाड रेघ एकदम जाड आन बारीक रेघ केसागत, इंग्रजीचे सेरिफ (अक्षराच्या टोकाच्या छोट्या रेघा) पण तसलेच पातळ, त्यातच तर मजा हाय. फक्त मेनूतले रेट त्यात टाकू नको, बारक्या साइजला नुसती काळी खिचडी होती.

डीटीपीवाला: इंडियन टाइप फाउंड्रीचा हाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट. वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच मिळतंय, म्हणून पत्त्याला त्यांचाच हिंद फॉन्ट घे. अॅक्रिलिक कटिंग करणार असशील तर मात्र नको, बारीक रेघ तुटती.

पेठेतला: पिवळ्यावर लाल नको रे बाबा, सगळ्यांचं तेच!