लेव्हल बांधताना आधी ताल की आधी सजावट?

आर्वीचा खंजिरीवाला: 'जॉमेट्री डॅश' या गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारायच्या खेळात लेव्हल बांधणाऱ्या आपल्या पोरांशी जरा भांडायचं आहे. काल गावातल्याच एका पोराची लेव्हल खेळलो. रंग पालटणारं आभाळ, चमकते खांब, सगळं देखणं. पण उडी काही ठेक्यावर पडेना. एडिटरमध्ये पाहिलं तर काटे, म्हणजे उडी मारून टाळायचे अडथळे, मोजून 5-5 ब्लॉकांवर. गाणं मिनिटाला 120 ठोक्यांचं. साध्या वेगात क्यूब, म्हणजे आपण खेळवतो तो चौकोन, सेकंदाला साधारण 10.4 ब्लॉक धावतो, म्हणजे ठोक्याला 5.2. दहा ठोक्यांत जवळपास 2 ब्लॉकांची तफावत, काटा ठोक्याच्या आधीच हजर! भजनात असं कोणी पुढं पळालं तर बुवा तिथंच थांबवतात. आधी गाणं लावून टॅप करत रेषा पाडा, त्यावर काटे बसवा. सजावट शेवटी.

दर्यापूरची ताई: नाही पटलं, भाऊ. माहा भाचा आवाज बंद करूनच खेळते. घरात आजी झोपली असते, इयरफोन नाही. त्याले ताल दिसला पाहिजे. त्याच्यासाठी मी उडीच्या जागी जमिनीचा रंग अर्धा ठोका आधी उजळवते. तुम्ही जिले सजावट म्हणता, ती त्याच्यासाठी खूण आहे. ती शेवटी कशी ठेवू?

पुसदकर: ताई, खूण ठेवा, पण बाकीची आरास आवरा. आमच्याकडचे फोन जुने. चमक वाढली की खेळ अडकते, अन् अडकला की बोट चुकलंच. बिनकामाच्या वस्तूंना 'हाय डिटेल' लावा, म्हणजे लो डिटेल मोडमध्ये त्या गळतात. लेव्हल टाकायच्या आधी बनवणाऱ्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः जिंकावीच लागते. पण तो जिंकतो आपल्या चांगल्या फोनवर. एकदा शेजाऱ्याच्या फोनवर खेळून पाहा म्हणा.

आर्वीचा खंजिरीवाला: ताई, खुणेचं मान्य. मी चमकत्या खांबांवर बोलत होतो. पण जमिनीचा उजेडही ठोका मोजल्याशिवाय बसत नाही ना? चुकीच्या जागी उजळला तर आवाज बंद ठेवून खेळणाऱ्या पोराला दुसरा आधारच नाही, तो हमखास मरतो.

दर्यापूरची ताई: हो, माह्या एका लेव्हलीत तसंच झालं. मधात वेगाचं पोर्टल, म्हणजे क्यूबचा वेग बदलणारं दार, टाकलं अन् पुढच्या खुणा जुन्याच अंतरावर राहिल्या. भाचा तिथंच अडते. मला वाटे, त्यालेच जमत नाही. आज रात्री त्या खुणा पुन्हा मोजून बसवते.