जॅकेटाची साल निघाली. आता ग्राफीनचं घ्यावं का?

निवडुंग:
नमस्कार मंडळी. २०२२च्या जूनमध्ये साडेनऊ हजारांचं रेन जॅकेट घेतलं. अडीच थरांचं (बाहेर कापड, आत लेप, त्यावर छापलेला अर्धा थर), लेबलवर १०,००० मिमी वॉटरप्रूफ (एवढ्या उंच पाण्याचा दाब सोसणारं) आणि १०,००० ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणारं). दोन पावसाळे वापरलं, मग गुडघ्याने दगा दिला आणि जॅकेट त्याच्याच पिशवीत कोंबून माळ्यावर गेलं. परवा काढलं तर आतून चिकट, शिवणीवरच्या टेपा लोंबताहेत, खांद्यावर उन्हात भाजल्यासारखे पापुद्रे. आणि वास! आई म्हणाली, "आत पाल मेलीय का बघ."

दुसरी तक्रार जुनीच. नवं होतं तेव्हाही हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर खिरेश्वरहून टोलार खिंड चढेपर्यंत मी आतून पिळून काढण्याइतका ओला व्हायचो. दुकानदाराचं म्हणणं, गळत नाही, घाम आहे.

आता ग्राफीनची जॅकेटं दिसताहेत, डायनिमा नावाच्या चिवट प्लास्टिक धाग्याचीही. किंमत दुप्पट-तिप्पट. इतके पैसे घालून सुटका होईल का?

शिवणयंत्र:
पाल नाही, पॉलियुरेथेन आहे. वासावरून ओळखलं.

मी तीस वर्षं सॅक, तंबू, जॅकेटं दुरुस्त करतोय. दर जूनला तुझ्यासारखे आठ-दहा जण येतात. या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. हवेतला दमटपणा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतो आणि उष्णता त्याला घाई करते. घडी करताना जॅकेट किंचित जरी दमट असेल आणि वर स्लॅबखालचा मे महिना मिळाला, तर लेपाचा गूळ होतो. कपाटात ठेवलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचे तळ चालता चालता सुटतात ना, तेच हे दुखणं. म्हणजे तुझं जॅकेट डोंगरावर झिजलं नाही, माळ्यावर मेलं. हँगरला टांगलं असतंस तर अजून दोन-तीन पावसाळे निघाले असते.

आता घाम. १०,००० ब्रीदेबल म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत १०,००० ग्रॅम वाफ. तासाला झाली सव्वाचारशे ग्रॅम. जॅकेट सव्वा मीटर धर, जेमतेम अर्धा लिटर, तेही प्रयोगशाळेत. सॅक पाठीवर घेऊन खडी चढण चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. शिवाय वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या फरकावर. जुलैत टोलार खिंडीत बाहेरची हवाच वाफेने गच्च असते. वरचं कापड एकदा भिजून काळपट पडलं की उरलीसुरली वाटही बंद. दुकानदार खरं बोलला, फक्त विकण्याआधी बोलला नाही.

ग्राफीनबद्दल. २००४मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून ओढली आणि एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, तेच ग्राफीन. २०१०चं नोबेल त्या कामाला मिळालं. अस्सल चीज आहे, वाद नाही. पण माझ्या टेबलावर जी दोन ग्राफीन जॅकेटं आली, त्यांच्या लेबलवर बारीक अक्षरात काय होतं? पॉलियुरेथेनच्या फिल्ममध्ये ग्राफीनची पूड. भाकरी तीच, वर तीळ. ती पूड अंगाची उष्णता सगळीकडे पसरवते म्हणतात, पसरवत असेल. माळ्यावर ठेवलंस तर साल मात्र तशीच निघेल.

डायनिमाने मला एकदा चांगलंच शिकवलं. एका मुलाने परदेशातून दीड मीटर कापड आणलं, अर्धपारदर्शक, चुरगळलं की पतंगाच्या कागदासारखं वाजणारं. म्हणाला, पोंचो शिवून द्या. माझी दहा इंची कात्री, जी कॅनव्हास लोण्यासारखं कापते, ती त्याच्यावरून नुसती घसरायला लागली. वरची फिल्म कापली जायची, आतले धागे चावल्यासारखे लोंबायचे. शेवटी कटरला नवी पाती लावली, दर दोन फुटांना बदलली. मग सवयीने शिवण बसवायला इस्त्री टेकवली आणि पापड भाजल्यासारखं कापड आक्रसलं. हा धागा साधारण १४५ अंशांना वितळतो, सुती कापडाची इस्त्री दोनशेच्या आसपास असते. वीतभर कापड माझ्या खिशातून गेलं. गंमत बघ, याच धाग्याची बुलेटप्रूफ जॅकेटं आणि जहाजाचे दोरखंड होतात, आणि तो पाण्यावर तरंगतो. पण वजनाला हलकं आणि ताणाला चिवट एवढाच त्याचा गुण. त्या कापडातून वाफ अजिबात जात नाही. तुझ्या दुखण्यावर ते औषध नाही.

सह्याद्रीत पावसाळ्यात मी स्वतः काय वापरतो? सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनचा सैल पोंचो, बाजू उघड्या. सिलिकॉन दमटपणाने असा कुजत नाही. फक्त दोन्ही बाजूंना सिलिकॉनच आहे ना ते विचार, स्वस्तात आतून पॉलियुरेथेनच फासतात. चढताना भिजायचंच हे धरून चालतो. सॅकमध्ये एक कोरडा लोकरी बनियन, माथ्यावर वारं लागलं की आधी तो.

बर्गनकर:
काकांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्के भांडतो. मी नॉर्वेत बर्गनला राहतो. इथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बारमाही आणि गार. बाहेर सहा अंश असताना असंच जॅकेट मस्त चालतं, कारण काका म्हणतात तो आतला-बाहेरचा फरक इथे भरपूर आहे. जॅकेट खोटं नाही, गाव चुकलं.

आणि निवडुंग, जॅकेट कधी धुतलं होतंस का? आपल्याकडे धुतलं की खराब होतं असा समज आहे, खरं उलटं आहे. पाणी घरंगळवणारे जुने लेप फ्लोरिनचे होते, ती रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून आता हटवली जाताहेत. नवे लेप पाणी झटकतात, पण अंगाचा तेलकटपणा झटकत नाहीत. कॉलर आणि मनगटं आधी भिजतात ती त्यामुळे. सौम्य साबण, दोनदा खळबळून मंद आचेवर ड्रायर. थेंब परत मोत्यासारखे उभे राहतात.

माणदेशी:
आमच्या आज्याची घोंगडीची खोळ होती. काळी, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना पत्र्यासारखी उभी राहायची. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, वर थोडी ऊब सोडते. पण खरं सांगतो, दिवसभर झोडपल्यावर ती उचलायला दोघं लागायचे, आणि घरात तीन दिवस मेंढरं बसल्यागत वास. मेंढरामागं उभं राहायला एक नंबर. टोलार खिंड चढायला नको.

निवडुंग:
सगळ्यांचे आभार. धुतलं होतं का? एकदाही नाही, दुकानदारानेच धुऊ नका म्हणून सांगितलं होतं. ग्राफीन रद्द. काका, नुसत्या टेपा नव्या लावून जॅकेट वाचेल का?

शिवणयंत्र:
आतल्या बाजूला, पापुद्रा निघाला नाही अशा जागी, सेलोटेप दाबून बसव आणि झटक्यात ओढ. लेप टेपवर आला तर मी हात लावणार नाही, नवी टेप कशाला धरणार?

निवडुंग:
आत्ता केलं. काखेजवळचा तळहाताएवढा तुकडा आला.

शिवणयंत्र:
मग संपलं. पण पुढची चेन चांगली असणार, ती उसवून तुझ्या पोंचोला लावू. शनिवारी अकरानंतर घेऊन ये. येताना प्लास्टिकच्या पिशवीत आण, मागच्या वेळी एकाचं टेबलाला चिकटलं होतं.