पोटातल्या हेलिकोबॅक्टरवर चांदीचे नॅनोकण: संशोधनाला जोर द्यावा का?

मिरकरवाडा_रत्नागिरी:
जठराच्या श्लेष्म्यात (आतल्या चिकट थरात) राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अल्सर घडवतो, हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. उपचार मात्र अजूनही प्रतिजैविकांवरच उभा आहे, आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला हा जिवाणू दाद देईनासा झाल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याला नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंच्या यादीत घातले. चांदीच्या नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, सुटणारे आयन (विद्युतभारित अणू) पेशीच्या आवरणावर, गंधकयुक्त प्रथिनांवर आणि ज्याच्या बळावर हा जिवाणू आम्लात तगतो त्या युरिएज या विकरावर एकाच वेळी मारा करतात. या कणांना कायटोसानचे आवरण देता येते. ते आम्लात धनभारित होऊन ऋणभारित श्लेष्म्याला धरून राहते. कायटोसान बनते कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून, आणि आमच्या बंदरावर कोळंबी सोलून झाली की टरफलांच्या टोपल्या कचऱ्यात रित्या होतात. कोकणातल्या प्रयोगशाळांनी हे काम हाती घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

औषधविक्रेती_चिपळूण:
मी असहमत आहे. काचेच्या बशीत जिवाणू मरणे वेगळे आणि जठरात मरणे वेगळे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, त्यात चांदीचे आयन क्लोराइडशी जुळून जवळजवळ न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड होतात आणि उघडे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर त्वचा कायमची निळी-राखाडी पडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच दुकानात सहज मिळणाऱ्या चांदीच्या द्रावणांना सुरक्षित व गुणकारी मानण्यास नकार दिला, तरी तसल्या बाटल्या आहेत का, असे विचारणारे गिऱ्हाईक माझ्याकडे येते. धातूच हवा असेल, तर बिस्मथ आहेच. प्रतिजैविकांसोबत १४ दिवस दिला जाणारा हा उपचार पारखलेला आहे. रुग्ण तो अर्ध्यावर सोडतात, कारण क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होते तसे बिस्मथने शौच काळे होते, आणि हे निरुपद्रवी आहे असे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते. पैसा आणि माणसे आधी तिथे लावा.

मिरकरवाडा_रत्नागिरी:
ताई, गोळा होण्याची अडचण खरी आहे, पण आवरण देण्याचा खटाटोप त्यासाठीच तर आहे. बिस्मथ हाही धातूच, म्हणजे धातू पोटात चालतो हे आपणच मान्य केलेत. बाटल्या विकणाऱ्यांना आवरावे. त्यांच्यापायी प्रयोगशाळेला टाळे का लावायचे?

औषधविक्रेती_चिपळूण:
टाळे लावा असे मी म्हटलेले नाही. बिस्मथ चालतो म्हणून चांदीही चालेल, हा तर्क मात्र मला मुळीच पटत नाही, कारण बिस्मथ शरीरात फारच थोडा शोषला जातो आणि त्याचा रुग्णांमधला अनुभव मोठा आहे.

आरोग्यसेविका_मालवण:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली आहे. चांदीला जिवाणू सरावत नाहीत असे समजू नये. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला हा जिवाणू १९७५ सालीच नोंदला गेला आहे. शिवाय आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना हे कण ओळखून वगळणार नाहीत. आमच्या वाड्यांवर तर पित्त म्हटले की कोकमाचे सार आणि आम्ल दाबणारी गोळी, एवढ्यावर वर्षे निघतात, श्वासाची किंवा शौचाची चाचणी कोणी करतच नाही. आणि उपचार संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी जिवाणू गेला का हे पाहायचे असते, तेही राहते. निदानच न झालेल्या माणसाला कायटोसानचे आवरण काय कामाचे, याचे उत्तर रत्नागिरीकरांनी द्यावे.