पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर: भारांक किती असावा?

मुलुंडकर:
नमस्कार. माझ्या फोर बाय फोर पिकअपचे मूळ टायर २६५/६५ आर १७, ११२ एस (११२ हा भारांक, एस ही वेगमर्यादेची खूण) या मापाचे आहेत. आठवडाभर गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावर असते. शनिवारी मात्र हौद्यात खताची पोती आणि पाइप भरून मुरबाडकडच्या शेतावर जातो, जिथला शेवटचा रस्ता कच्चा आणि पावसाळ्यात चिखलाचा आहे. दुकानदार ऑल-टेरेन (पक्क्या व कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर २६५/७० आर १७, एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे) १२१/११८ सुचवत आहेत आणि भारांक जितका मोठा तितका चांगला, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टायर व्यावसायिक, कुर्ला:
भारांक म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलतो, याचा सांकेतिक आकडा; तो एका टायरचा असतो. ११२ म्हणजे ११२० किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. तिरक्या रेषेनंतरचा ११८ हा जोडचाकांसाठी असल्यामुळे आपल्याला लागू नाही. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत मागील अ‍ॅक्सलची कमाल मर्यादा पाहा. ती समजा १८५० किलो असेल, तर प्रत्येक टायरवर ९२५ किलो येतात, म्हणजे १०५ भारांकही पुरतो; तरीही मूळ ११२ पेक्षा खाली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मोठा भारांक घेतल्याने गाडीची वहनक्षमता मात्र वाढत नाही, कारण पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात. शिवाय एलटी टायरचे ते १४५० किलो साधारण ८० पीएसआय हवेवरचे असतात. तोच टायर ३५ पीएसआयवर चालवला, तर तो आपल्या ११२ च्या टायरपेक्षाही कमी वजन पेलतो, आणि भरल्या गाडीने महामार्गावर त्याच्या बाजूच्या भिंती तापू लागतात. माझ्या दृष्टीने खरा धोका हाच आहे. धारदार दगडांच्या वाटेवर एलटीची जाड भिंत उपयोगी पडते, हे मान्य. रोज तसा रस्ता असेल तरच ती घ्यावी.

सह्याद्री भटकंती:
मापाबद्दल एक भर घालतो. २६५/७० चा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, मूळचा ७७६. म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा वेग सुमारे ६२ असेल, आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासण्याची शक्यता राहील. आपण बहुतेक काळ मुंबईच्या ओल्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर असता, म्हणून ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेली नक्षी निवडावी. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) टायर पावसात ब्रेक लावताना फार निराश करतात. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी ३ मिलिमीटर उरली की मी जूनपूर्वीच टायर बदलतो.

मुलुंडकर:
मनःपूर्वक आभार. मूळ मापातच ११२ चे ऑल-टेरेन घेईन. हवा किती ठेवावी?

टायर व्यावसायिक, कुर्ला:
पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतील, तर शनिवारी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, मागची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यापर्यंत वाढवा. खरेदी करताना टायरच्या भिंतीवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे ४ अंक पाहा. २३२५ असेल, तर तो टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे.