जुन्या इंजिनाला पुढच्या सालाचे पॉइंट: चालतं की नाही?

तेलकट बोटं
सरळच बोलतो, पटो न पटो. जुन्या ट्रायम्फ ६५० ला (ब्रिटिश मोटारसायकल, दोन सिलेंडरची) पुढच्या सालाचे इग्निशन पार्ट, म्हणजे ठिणगी पाडणारे, लावले तर कुठला धर्म बुडतो? १९६३ ला युनिट इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) आलं तेव्हा पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट, एक्झॉस्ट कॅमशाफ्टच्या टोकाला गेले, लुकासची ४सीए प्लेट. त्यात दोन्ही पॉइंट एकाच प्लेटवर, प्लेट फिरवली की दोन्ही सिलेंडरचं टायमिंग एकदम हलतं, एक बरोबर बसवलं की दुसरं दोन-तीन डिग्री इकडेतिकडे, मग ते जुळवायला पॉइंटमधल्या गॅपशी खेळत बसायचं. १९६८ ला ६सीए आली, तीत प्रत्येक पॉइंटची स्वतःची छोटी प्लेट, दोन्ही सिलेंडर वेगवेगळे सेट करा. कंपनीनेच चूक सुधारलीये तर आपण ६६ च्या गाडीवर जुनी चूक जपत का बसायचं? माझ्या ६६ वर ६८ नंतरची प्लेट आणि तिच्यासोबत आलेलं अॅडव्हान्स युनिट (स्पीड वाढला की वजनांच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणारं) चढवणार आहे, मला तरी अडचण दिसत नाही.

सालवार
प्लेटबद्दल एक शब्द बोलणार नाही, प्लेट चांगलीच आहे. पण "सोबत आलेलं युनिट" हे जे सहज लिहून गेलात ना तिथेच घात आहे. त्या इंजिनाला फुल अॅडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी जास्तीत जास्त जितकी आधी पडते ते, ३८ डिग्री. युनिट कॅमशाफ्टवर, म्हणजे क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतं, १२ डिग्रीचं युनिट असेल तर क्रँकवर २४, म्हणून स्टॅटिक (वजनं मिटलेली असतानाचं टायमिंग) १४ ला ठेवतात. आता दुसऱ्या कुठल्या मॉडेलचं १५ डिग्रीचं युनिट हातात आलं आणि तुम्ही मॅन्युअल बघून स्टॅटिक १४ ठेवलं, तर वर १४ अधिक ३०, म्हणजे ४४. गाडी किकला स्टार्ट होईल, आयडलला गोड चालेल, आणि चढावर लोड आला की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून ठोके), ते एक्झॉस्टच्या आवाजात ऐकूही येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं असतं.

तेलकट बोटं
अहो पण स्टॅटिकवर टायमिंग सोडतंय कोण? फुल अॅडव्हान्सलाच सेट करायचं. प्लग काढा, पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा बोल्ट) लावा, डिग्री व्हील (क्रँकवरची अंशांची चकती) दोन्ही बाजूंनी टेकवून मधला आकडा घ्या, खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर) मिळाला. मग पॉइंट उघडणारा कॅम पूर्ण पुढे फिरवून मोठ्या भोकाचा वॉशर घालून बोल्टने तिथेच दाबून धरा आणि ३८ ला पॉइंट उघडतात का बघा. मग स्ट्रोब (ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंगचा दिवा). वर ३८ असेल तर खाली काय वाट्टेल ते असू दे.

सालवार
खाली काय वाट्टेल ते? १० डिग्रीचं युनिट लावून वर ३८ धरलं तर खाली १८ राहतं, म्हणजे किकलाच चार डिग्री जास्त अॅडव्हान्स. उलटी किक पायावर बसली की कळेल. आणि मधलं काय? स्प्रिंग हलक्या असतील तर अॅडव्हान्स लवकर येतो, कमी आरपीएमला थ्रॉटल उघडला की तिथेच नॉक. दोन टोकं जुळली म्हणजे मधला रस्ता जुळला असं नसतं. शिवाय कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा. डिग्री सारखी असली तरी लोब वेगळा असेल तर पॉइंट किती वेळ बंद राहतात ते बदलतं.

गॅप पंधरा
दोघांचं ऐकून मध्ये नाक खुपसतो. सालवार, तुम्ही "ओरिजिनल युनिट" म्हणता ते पन्नास-साठ वर्षं जुनं आहे हो. स्प्रिंग ताणलेल्या, वजनांच्या पिना झिजलेल्या, कॅम जुन्या ग्रीसमध्ये अर्धवट अडकलेला. स्ट्रोब मारला की मार्क डोलताना दिसतो. मॅन्युअलमधला कर्व्ह (कुठल्या आरपीएमला किती अॅडव्हान्स) त्या युनिटला केव्हाच सोडून गेलाय. अशा युनिटपेक्षा पुढच्या सालाचं घट्ट युनिट कधीही परवडलं, माझं मत तेलकटच्या बाजूने.

सालवार
झिजलं तर स्प्रिंग बदला, पिन बदला. आजारी बैल विकून दुसऱ्याचा घोडा नांगराला जुंपायची गरज नाही.

दांडीवाला
ब्रिटिशवाल्यांनो, बाहेरही बघा जरा. यामाहा एक्सएस६५० ला पॉइंट हेडच्या एका टोकाला, अॅडव्हान्सची वजनं दुसऱ्या टोकाला आणि मध्ये कॅमशाफ्टच्या पोटातून जाणारी दांडी. १९८० पासून इलेक्ट्रॉनिक, पॉइंटच्या जागी सिग्नल देणारा पिकअप गेला अल्टरनेटरकडे. तिथे एक पार्ट उचलून चालतच नाही, रोटर, पिकअप, बॉक्स सगळं एकाच सेटमधलं लागतं. आणि होंडा सीबी७५० ला पॉइंट क्रँकच्याच टोकाला, तिथे युनिटची डिग्री तीच क्रँकची डिग्री, दुप्पट करत बसाल तर फसाल. त्यामुळे "अदलाबदल चालते" किंवा "चालत नाही" असं सरसकट म्हणण्यात काय अर्थ आहे तेच मला कळत नाही.

तेलकट बोटं
सरसकट मी म्हटलंच नाहीये, मी ट्रायम्फबद्दल बोलतोय. बरं सालवार, एवढं सांगा, युनिट उलटं करून मागे बघितलं तर १२ कोरलंय. आता?

सालवार
मग निम्मा वाद मिटला, ते आधी सांगायचं ना. कॅम आणि वजनं एकाच युनिटची ठेवा, जुना कॅम नव्या बैठकीवर बसवू नका. ६सीए वर कंडेन्सर (पॉइंटवरचं स्पार्किंग शोषणारे) नाहीत, ते टाकीखाली वेगळे येतात, त्यांची सोय करा नाहीतर पॉइंट जळतील. मधला बोल्ट भोकाच्या तळाला टेकत नाही ना बघा, टेकला तर बोल्ट घट्ट वाटतो आणि युनिट टेपरवर सैलच राहतं. आणि जुनी प्लेट फेकू नका, साल लिहून गाडीसोबत ठेवा, पुढचा मालक ६६ चं मॅन्युअल उघडून डोकं धरून बसेल. तरी माझं म्हणणं तेच, मी असतो तर जुनं युनिट दुरुस्त केलं असतं.

तेलकट बोटं
आणि मी नवीनच लावणार.

गॅप पंधरा
स्ट्रोबवर वजनं कुठे उघडतात ते बघून आकडे टाक इथे, मग पुढचं भांडण करू.