टॉवेलच्या बॉर्डरला 'फरगेट-मी-नॉट' फूल कसं काढायचं?

पूर्वभाग_मागवाला:
आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या पार्टीनं फरगेट-मी-नॉटची बॉर्डर मागितलीय, माल १ जुलैच्या आत पोचला पाहिजे. डिझायनरनं ग्राफवर जे काढलं ती सरळसरळ निळी सदाफुली. वडील म्हणतात, "पाच पाकळ्या आल्या ना, मग मागावर घे." १ जुलैला कॅनडा डे असतो, म्हणून कोपऱ्यात लाल मेपलचं पान टाकावं म्हणतोय. कुणी हे फूल बघितलंय का ओ?

माळरान_मास्तर:
ते मेपलचं पान आधी काढून टाका. कॅनडा डे असला तरी न्यूफाउंडलंडात १ जुलैची सकाळ दुखवट्याची असते. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, त्याच दिवशी फ्रान्समध्ये बोमाँ-हामेलला त्यांच्या रेजिमेंटचे आठशेच्या आसपास जवान हल्ल्याला निघाले, दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले ६८. बाकीचे मेलेले, जखमी नाहीतर बेपत्ता. तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतंच, ते १९४९ साली सामील झालं. त्या जवानांच्या आठवणीला तिथले लोक हे फूल छातीवर लावतात. दुपारनंतर मग कॅनडा डे. तुमच्या पार्टीनं तारीख उगाच नाही दिली.

आता फूल. वनस्पतिशास्त्रात मायोसोटिस. जेमतेम एक सेंटिमीटरचं, बऱ्याचदा त्याहून लहान, म्हणून एकटं मोठं काढलं की सदाफुलीच होणार, झुपकाच काढा. पाकळ्या गोलसर, आकाशी, मधोमध पिवळी कडी. कळ्या गुलाबी असतात, उमलता उमलता निळ्या होतात. कळ्यांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, फुलं येतील तसा उलगडत जातो. ही वळलेली नांगी आली नाही तर ओळख पटणार नाही.

कुंडीत लावायच्या नादाला लागू नका. थंड, ओलसर जागेचं झाड ते, आपल्या उन्हात कुठलं टिकतंय! याच कुळातलं काही बघायचं असेल तर पावसाळ्यात पडीक रानात छोटा कल्पा शोधा. फिकट निळं फूल, पण मान खाली घातलेलं.

जकार्ड_काका:
मास्तरांचं ऐक. पण एवढं बारीक फूल टेरीच्या लूपमध्ये, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या फासांत घेतलंस तर सगळा चिखल होईल. लूप सोडून सपाट पट्टीत घे. पिवळा बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यातून टाक, आणि गुलाबी कळ्या थोड्याच, नाहीतर निळा दबतो. नमुना विणून पार्टीची मंजुरी आल्याशिवाय पुढचा माल चढवू नकोस.

पूर्वभाग_मागवाला:
मेपल कटाप. पार्टीला एक जुलैचं विचारलं, "येस, मेमोरियल डे" एवढंच उत्तर आलं. नांगीवाला ग्राफ आज बसवतोय. वडिलांचा एकच प्रश्न आहे: पिवळा आणि गुलाबी असे दोन रंग वाढले, त्याचा दर कोण देणार?

जकार्ड_काका:
नमुन्याबरोबरच नवा दर पाठव की. मंजुरी दोन्हीला एकदमच घ्यायची.