फुल रेसला काटा ९५च्या वर जातोय, कुलरमध्ये अ‍ॅसिड ओतू का?

हर्णैचा_पोर
मासेमारी बोटीचं सहा सिलिंडरचं मशीन, कुलर खाऱ्या पाण्यावर, म्हणजे नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरवून मशीनचं गोडं पाणी (कुलंट) गार करणारा. गेल्या मोसमात अर्ध्या रेसपर्यंत तापमानाचा काटा ८०वर गप्प असायचा, फुल रेस दिली की दहा मिनिटांत ९५ पार. तांडेल म्हणतो हळू हाक. समोरून वारा असला की हळू हाकून बंदर कधी गाठायचं? १ जूनला मासेमारी बंदी लागली, बोट वर ओढून शाकारलीय, ३१ जुलैपर्यंत वेळ आहे. बाबा म्हणतात, कुलंट नवीन, इम्पेलरही (खारं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) दोन वर्षांमागे बदललाय, म्हणजे आत क्षार धरलाय. बाथरूमचं अ‍ॅसिड ओत नि मोकळा हो. ओतू?

सुरमई_फ्राय
ओत बिनधास्त. आम्ही दरवर्षी ओततो, फेस आला की साफ. काही होत नाही.

मिरकरवाडा_फिटर
काही होत नाही म्हणणाऱ्यांचेच कुलर झाळून माझी म्हातारी पोसली गेली. ते अ‍ॅसिड क्षार खातं तसं अ‍ॅल्युमिनियमचं झाकणही खातं, झाळही खातं. मग नळीला भोक पडतं, खारं पाणी गोड्यात शिरतं आणि कुलंटची टाकी आपोआप भरायला लागते. मालक खूश, कुलंट कमीच होत नाही म्हणून!

पोरा, आधी सांग, तो जुना इम्पेलर का बदलला? आणि काढला तेव्हा त्याची पाती मोजली होती का?

हर्णैचा_पोर
काका, समुद्रातच बदलला. सक्शनला प्लास्टिकची पिशवी लागली होती, पंप कोरडा फिरला. जुना अजून खोक्यात पडलाय. आता मोजली: बारातली तीन पाती नाहीत.

मिरकरवाडा_फिटर
मग आधी ती तीन शोध. रबर अ‍ॅसिडने विरघळत नाही. कोरडा इम्पेलर मिनिटभरात जळतो, तुकडे पाण्याबरोबर पुढे जातात आणि कुलरच्या तोंडाशी बसतात. अर्ध्या रेसला उरलेल्या नळ्या भागवून नेतात, फुल रेसला कमी पडतात. तुझा काटा हेच बोलतोय.

कुलरची दोन्ही झाकणं उघड. नळ्यांत माडाची हीर घाल, लोखंडी सळी नको, आतून ओरखडे पडतात. हीर आरपार गेली नि पांढरा खरखरीत थर लागला तर क्षार आहे. मग नळ्यांचा जुडगा बाहेर काढ, दहा लिटर गरम पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व टाकून बुडव. बुडबुडे थांबले की बघ, थर उरला असेल तर नवीन पाणी कर. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, वर गोडं पाणी. झिंक (कुलरऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अर्धं झिजलं असेल तर बदल आणि आट्यांना टेप गुंडाळू नको. धातूला धातू लागला नाही तर ते झिंक शोभेचं.

सुकीवर, बोट जमिनीवर असताना, मशीन लावशील तेव्हा सक्शनचा पाइप पिंपात सोड, पंपाला स्वतः ओढू दे. नळाचा पाइप थेट जोडून मशीन बंद ठेवून पाणी सोडायचं नाही. तुझा सायलेन्सर पाण्याचा (धुरात खारं पाणी सोडणारा) असेल तर ते पाणी मागून सिलिंडरमध्ये चढतं. कोरडा असेल तर ही भीती नाही, पण सवय एकच ठेव.

सुरमई_फ्राय
झिंक कुठे असतं?

मिरकरवाडा_फिटर
दरवर्षी अ‍ॅसिड ओततोस म्हणालास ना? कुलरच्या अंगावर पितळी बोल्ट दिसेल, त्याच्या पोटात. असलं तर.

माडाखाली
गोड्या बाजूचंही बघा. आमच्याकडे हिरव्या कुलंटात लाल ओतला, टाकीत जेली झाली. आता सगळं काढून, पाणी स्वच्छ येईतो धुऊन, निम्मा कुलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी घालतो. बोअरचं पाणी नाही. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून कुलंटला वाट देणारी झडप) चहाच्या टोपात उकळून बघतो, उघडतोय का. (टोप बायकोला परत देऊ नये, वेगळा ठेवावा.)

हर्णैचा_पोर
दोन तुकडे कुलरच्या तोंडाशीच सापडले, नळ्यांवर चिकटून काळे झालेले. पांढरा थर होता, पण कागदाएवढा. लिंबूसत्वाने तासाभरात पितळेसारखी चमक आली. झिंकच्या जागी नुसता बोल्ट, आत काहीच नाही. तिसरा तुकडा कुठेच नाही.

मिरकरवाडा_फिटर
पंपातून निघणारा होज काढ, वाकण असेल तिथे बोट घाल. आणि नवा इम्पेलरही आता बाहेर काढून ठेव, दोन महिने एकाच जागी दबून पाती वाकडी राहतात. स्टार्टरच्या चावीला बांध, म्हणजे तो बसवल्याशिवाय कोणी मशीन मारणार नाही. बसवताना भांड्याचा साबण लाव.

हर्णैचा_पोर
मिळाला! वाकणातच. बाबांच्या हातात नेऊन दिला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तर तिन्ही तुकडे पुसून टीव्हीच्या शोकेसवर ठेवलेत, गणपतीच्या फोटोशेजारी.